सहाव्या स्थानावरची वेरोनिका

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या अखेरच्या प्रवासातील प्रसंगांच्या, चौदा स्थानांची चित्रे मांडायचे ठरवले आहे. माझा भाचा चित्रकलेचे शिक्षण घेतलेला असून, आपण समलिंगी असल्याचे त्याने गेल्या वर्षी आम्हा घरच्यांना सांगितले. त्याने काढलेल्या सहाव्या स्थानात येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका ही लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणारी तृतीयपंथी स्त्री आहे. काही ज्येष्ठांना ही विटंबना वाटते. मला चित्र आवडले, पण त्यांना उत्तर देता येत नाही. ख्रिस्ती कलेत याला काही आधार आहे का? — एक वाचक, वसई

उत्तर : प्रथम वेरोनिकेविषयीच. चारही शुभवर्तमानांत ही घटना नाही. गर्दीतून पुढे होऊन प्रभूचा रक्ताने माखलेला चेहरा आपल्या वस्त्राने पुसणारी ही स्त्री परंपरेने आणि भाविकांच्या कल्पनेने त्या वाटेवर उभी केली, आणि तरीही एक स्थान कायमचे तिचे झाले. तिला युरोपियन चेहरा देणाऱ्यांनीही कल्पनाच केली होती. त्यांच्याकडे मात्र आधार कोणी मागितला नाही.

असे आक्षेप आपल्या किनाऱ्याला नवे नाहीत. गोव्यात जन्मलेले चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला साडीत रंगवले तेव्हा तेथील अनेकांना ते रुचले नाही, आणि पुढे त्यांचे काम पुण्यात झाले. अर्थात साडीचा प्रश्न पोशाखाचा होता. आपल्यासमोरचा प्रश्न देहाचा आणि लाजेचा आहे.

म्हणून मला जर्मन चित्रकार मातियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेली वेदी (वेदीमागे उभे करायचे चित्रफलक) अधिक जवळची वाटते. राय या धान्यावरील बुरशीमुळे होणाऱ्या, अवयव सडवणाऱ्या रोगाचे रुग्ण त्या मठात शुश्रूषेसाठी येत असत, आणि चित्रकाराने क्रुसावरच्या ख्रिस्ताची कातडीही व्रणांनी भरलेली दाखवली. ज्यांच्याजवळ बसायला इतर लोक कचरत, त्यांचाच आजार त्यांना प्रभूच्या अंगावर दिसला. पुढे समलिंगी असल्याचे न लपवणारा अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग १९९० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एड्सने वारला. ख्रिस्ताच्या जीवनावरील तीन फळ्यांची वेदी हे त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक होय. तिची एक काशाची प्रत न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये आहे. तिच्यात बाळाला कवेत घेणारे हात दोनच नाहीत, कितीतरी आहेत.

आपल्या भाच्याने मात्र यांच्यापेक्षा वेगळी गोष्ट केली आहे. समाजाने दूर लोटलेल्या माणसाला क्रुसावर चढवणे चित्रकाराला तुलनेने सोपे असते, कारण तेथे पाहणाऱ्याने हळहळले की काम संपते. याने तिला पुसणारी केले. जिच्यासमोर आपण डब्यात मान फिरवतो, तीच येथे दया देते आहे, आणि ती घेणारा प्रभू आहे. ज्येष्ठांना बोचले असेल ते हेच असावे, असा माझा तर्क आहे.

कॅथलिक शिकवण समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही आणि चित्र लावल्याने ती बदलणार नाही, हे आपणही मोकळेपणाने मान्य करावे. परंतु कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे व अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही सांगितले आहे. शिवाय समलिंगी असणे आणि तृतीयपंथी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होत असल्यास ती आधी सोडवावी.

एक शंका मात्र मला भाच्यालाच विचारावीशी वाटते. ही स्त्री त्याने कोणाशी बोलून, कोणाला समोर बसवून काढली आहे, की डब्यातल्या ओझरत्या दर्शनावरून? टाळी आणि भडक साडी एवढ्यावरच ती उभी असेल, तर चित्रात माणूस कमी आणि खूण जास्त होईल, आणि हा दोष विटंबनेच्या आरोपाहून गंभीर आहे.

चित्र लावण्यापूर्वी धर्मगुरूंना ते प्रत्यक्ष दाखवावे; कोणाकडून तरी वर्णन ऐकून त्यांचे मत बनू देऊ नये. चित्राखाली नाव लिहायचे की नाही, हे सर्वस्वी भाच्याने ठरवावे. त्याने सांगितले ते घरच्यांना, गावाला नव्हे. तेव्हा चित्राची बाजू मांडताना ती गोष्ट आपल्या तोंडून निघणार नाही, एवढी काळजी मामा म्हणून आपणच घ्यायची आहे.