आशावादी नजरेला खरे दिसते का?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. दर वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या वेळी यजमान म्हणतात, "यंदा माल निघणार आणि भावही मिळणार," आणि त्या भरवशावर औषधांची उधारी वाढते. गेल्या तीन हंगामांत दोनदा अवकाळीने घात केला. मी शंका काढली की मला नाट लावणारी ठरवतात. वास्तव नेमके कोणाला दिसते, त्यांना की मला?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : यजमानांच्या हिशेबाबद्दलची आपली शंका रास्त आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले होते की, निरनिराळ्या बऱ्यावाईट घटना सोबतच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता किती. तेव्हा चांगले ते आपल्याला अधिक आणि वाईट ते इतरांना अधिक, अशीच वाटणी एकंदरीत झाली. गारपीट होईल, पण शेजारच्या शिवारात, हा आपल्याकडचा भरवसा त्याच जातीचा आहे.

मात्र यावरून खिन्न माणसाची नजर स्वच्छ असते असे ठरत नाही. लॉरेन अलॉय आणि लिन अब्रॅमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये, बटण दाबून दिवा लावण्याच्या प्रयोगावरून, आपल्या हाती किती नियंत्रण आहे याचा अंदाज खिन्न विद्यार्थ्यांना अधिक अचूक येतो, असे मांडले होते. ही कल्पना फार लोकप्रिय झाली (खिन्न मंडळींना ती विशेष आवडली असावी), परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अधिक लोकांवर केलेल्या फेरतपासणीत ती टिकली नाही.

माझ्या मते माणसाची आशा त्याला पाहायला लावते की पाहण्यातून सुटका देते, एवढेच तपासावे. छाटणीआधी काडीवरचे डोळे (जिथून नवी फूट निघते ते कोंब) प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेता येतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळले की काडी कुठे छाटायची हे ठरवता येते. बागेतून काही निघेल असे ज्याला वाटते, तोच ही यातायात करतो आणि ढगाळ दिवसांत सकाळी पाने उलटून डावणी रोगाची पांढरी बुरशी शोधतो. ज्याने मनातून बाग सोडली, त्याला डाग दिसतो तो सगळी बाग गेल्यावर. यजमान डोळे तपासून घेत असतील तर त्यांच्या आशेला नावे ठेवू नका. "घड असणारच, तपासणी कशाला?" असे म्हणत असतील, तर मात्र त्या आशेची झापड झाली आहे.

भावाचे तसे नाही, कारण कितीही बारकाईने पाहिले तरी तो आपल्या बागेत दिसत नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी सुचवले होते की, अंदाज हातातल्या कामाकडे पाहून बांधू नये, त्याआधीच्या तशाच कामांचे काय झाले ते पाहून बांधावा. तेव्हा मागील पाच हंगामांच्या हिशेबपट्ट्या दोघांनी मिळून काढा आणि उधारीची मर्यादा त्यांतल्या वाईट वर्षांवरून ठरवा. तीन हंगामांपैकी जो एक तरला, त्याचीही पट्टी त्यांत असेल; आपल्या पत्रात त्या वर्षाविषयी एक शब्दही नाही.