जर्मनीत तीन वर्षे झाली, तरी पीआर का नाही?

प्रश्न : मी जून 2022मध्ये जर्मनीत आले. आधी हेल्पर म्हणून काम केलं, मग ज्ञानचाचणी देऊन भारतातल्या नर्सिंग शिक्षणाला मान्यता मिळवली. ऑगस्ट 2023पासून बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका हॉस्पिटलात पूर्ण नर्स आहे. तीन वर्षे भरली म्हणून पीआरचा (कायम वास्तव्याच्या परवान्याचा) अर्ज केला, तर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय म्हणतं, मागे घ्या. मैत्रिणीला मात्र दोनच वर्षांत मिळाली. बव्हेरियात वृद्धाश्रमातली जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे. ती घेतली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल का? आईच्या ऑपरेशनसाठी गावी लांबची रजाही काढायची आहे.

उत्तर : कार्यालयाचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही विमानातून उतरलात तो दिवस इथे मोजत नाहीत. वास्तव्य कायद्याच्या कलम 18सीनुसार कुशल कामगाराचं कार्ड हातात असण्याची तीन वर्षे मोजतात. मान्यता मिळेपर्यंत तुमचं कार्ड बहुधा कलम 16डीचं, म्हणजे मान्यता मिळवण्यासाठीचं असणार. ते या तीन वर्षांत धरत नाहीत. कार्डावर 'अनमेर्कुंगेन' (शेरे) या शब्दापाशी कलमाचा आकडा छापलेला असतो, तो एकदा पाहा. 18एचं, म्हणजे कुशल कामगाराचं कार्ड ऑगस्ट 2023मध्ये मिळालं असेल, तर तुमची वेळ ऑगस्ट 2026 आहे. कलम 9च्या सर्वसाधारण वाटेने 16डीचा काळही धरला जातो, पण तिथे पाच वर्षे आणि पेन्शनचे 60 हप्ते लागतात. म्हणजे जून 2027. ती वाट तुमच्या उपयोगाची नाही.

मैत्रिणीने बहुधा जर्मनीतच आउसबिल्डुंग (व्यावसायिक शिक्षण) केलं असेल. इथलं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी पूर्ण केलेल्यांना दोन वर्षे पुरतात. भारतातलं नर्सिंग आणि वर ज्ञानचाचणी, हे त्यात बसत नाही. कष्ट तुमचेही कमी नाहीत, पण कायदा कष्ट मोजत नाही. 21 महिन्यांत पीआर ही गोष्टही कानावर येईल. ती ब्लू कार्ड या वेगळ्या परवान्यावर आलेल्यांची आहे.

हेल्परचा काळ मात्र पूर्ण वाया गेलेला नाही. 18सीसाठी पेन्शनचे 36 महिन्यांचे हप्ते लागतात आणि त्यात हेल्परच्या पगारातून कापलेले हप्तेही धरतात. डॉइचे रेंटेनफरझिखेरुंग या पेन्शन विमा संस्थेकडून हप्त्यांचा उतारा मागवा, तो फुकट मिळतो. भाषेसाठी जर्मनची बी1 पातळी पुरते आणि मान्यतेसाठी तुम्ही बी2 दिलेलीच असणार. राहिली 'लेबेन इन डॉइचलांड' (जर्मनीतलं जीवन) ही चाचणी. प्रश्न 33, त्यातले 15 बरोबर आले की पीआरपुरतं काम झालं. चाचणीच्या जागा लवकर भरतात, तेव्हा आत्ताच नाव घाला.

नोकरी बदलल्याने मोजणी तुटत नाही आणि हा संघराज्याचा कायदा असल्याने बव्हेरियातही तोच लागतो. तरी मी तुम्हाला थांबा असंच सांगेन. नव्या नोकरीत प्रोबेशन असतं. उत्पन्न टिकाऊ आहे का, हे पाहताना बरीच कार्यालयं प्रोबेशन संपायची वाट पाहतात. शिवाय तुमची फाइल दुसऱ्या कार्यालयाकडे जाईल आणि ती किती दिवस प्रवासात राहील, याची हमी कोणीच देत नाही. जायचंच ठरलं, तर कार्डासोबत मिळालेला त्सुझात्सब्लाट (जोडकागद) आधी वाचा. त्यावर सध्याच्या हॉस्पिटलचं नाव असेल, तर नव्या ठिकाणी रुजू होण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्या.

सध्याचा अर्ज मागे घ्यायला हरकत नाही. नकार ओढवून अपिलात पैसे घालवण्यासारखी ही बाजू नाही. पण तुमच्या सध्याच्या कार्डाची मुदत पीआर मिळण्याआधी संपत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज वेगळा आणि मुदत संपायच्या आत करा. त्याची पोच जपून ठेवा.

आईकडे जरूर जा. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, तर परवाना आपोआप रद्द होतो, तेव्हा त्याच्या बऱ्याच आत परत या. जास्त थांबावं लागेल असं वाटलं, तर निघण्याआधी कार्यालयाकडून वाढीव मुदत लेखी मागा. बिनपगारी रजा महिन्यापेक्षा लांबली, तर पेन्शनचे हप्ते थांबतात. हेल्परचे महिने गाठीला असल्याने तेवढी तूट तुम्हाला सोसेल, पण रजेचं पत्र हॉस्पिटलकडून लेखीच घ्या.