मुलीची वही आणि वडिलांची अट

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मुलीला बारावी विज्ञान शाखेत ८४ टक्के आणि नीटमध्ये ७२० पैकी ३९४ गुण आहेत. तिला कोरियन भाषा शिकून साहित्याचा अनुवाद करायचा आहे. आपण मात्र अट घातली आहे, की आधी डॉक्टर व्हावे, ‘मग काय लिहायचे ते खुशाल लिही’. रिपीटर बॅच लावावी की बीडीएसचा विचार करावा, एवढेच आपण विचारले आहे. जिला वैद्यकीय शिक्षण नकोच आहे, तिच्यासाठी दोन्ही पर्याय सारखेच निरुपयोगी आहेत, हे त्याचे उत्तर.

मला काळजी वाटते ती आपल्या पत्रातल्या वेगळ्याच मजकुराची. रसायनशास्त्राच्या पुस्तकाखाली आपल्याला तिची वही सापडली, आपण ती तिच्या नकळत वाचली आणि निकालानंतर कादंबऱ्यांसह कपाटात कुलूपबंद केली. तिचा अभ्यासातला निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी आपण त्या वहीचा दाखला दिला आहे: एका कोरियन कथेच्या इंग्रजी अनुवादावरून ती मराठी अनुवाद करत होती आणि सून सासूला उद्देशून बोलते ते एकच वाक्य तिने सात वेळा खोडून पुन्हा लिहिले होते. कुठे ‘तू’, कुठे ‘तुम्ही’, कुठे ‘अहो आई’. आपल्याला हा वेळेचा अपव्यय वाटला. माझ्याकडे साहित्यात करिअर करायचे म्हणून येणाऱ्या बहुतेक मुलांना आपण लेखक आहोत असे वाटत असते. एका वाक्यावर सात वेळा काम करणारी मुले फार थोडी असतात. पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट आपण तक्रार म्हणून कळवली आहे. शिवाय अठरा वर्षांच्या मुलीची वही कुलपात ठेवून तिचे मन नीटकडे वळेल, ही अपेक्षा मला समजत नाही. ती यापुढेही लिहील; फक्त आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी लिहील.

डॉक्टर असूनही मोठे लेखक झालेली माणसे आहेत, असे आपण लिहिले आहे, आणि ते खरे आहे. जपानचे मोरी ओगाई लष्करात वैद्यकीय अधिकारी होते, त्या सेवेत सर्वोच्च पदापर्यंत पोचले आणि त्याच काळात त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, जर्मनमधून अनुवाद केले. पण आशियातलेच दुसरे उदाहरणही पाहावे. चीनचे लू शुन १९०४ मध्ये जपानमधल्या सेंदाई येथे वैद्यकशास्त्र शिकू लागले आणि १९०६ मध्ये ते सोडून साहित्याकडे वळले. त्यानंतर त्यांनी भावाबरोबर परदेशी कथांचे अनुवाद दोन खंडांत काढले, तेव्हा प्रत्येक खंडाच्या जेमतेम वीसेक प्रती खपल्या. पुढे अनेक वर्षे त्यांनी चीनच्या शिक्षण मंत्रालयात नोकरी केली आणि ती करत असतानाच त्यांचे महत्त्वाचे लेखन झाले. पोटापाण्याचा उद्योग आणि लेखन एकत्र चालू शकते, हे दोघांच्याही चरित्रांत दिसते. पण कोणता उद्योग, हे ठरवताना लू शुन यांनी वैद्यक नाकारले होते. मुलीच्या वतीने तो निर्णय आपण घेत आहात.

आता मुलीविषयी, आणि हा भाग तिला अवश्य वाचायला द्यावा. इंग्रजी चांगले असले की आशियातले कोणतेही साहित्य मराठीत आणता येते, अशी तिची समजूत दिसते आणि ती चुकीची आहे. ज्या वाक्यावर ती सात वेळा अडली, त्याचे कारण तिच्या मराठीत नाही. कोरियन भाषेत वय, नाते आणि मान यांनुसार क्रियापदाचे रूप बदलते. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे मधल्या भाषेत ती माहिती गळून गेली आणि मूळ कथेत जे स्पष्ट होते त्याचा तिला अंदाज बांधावा लागला. कोरियन लेखिका हान कांग यांच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादासाठी २०१६ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या डेबोरा स्मिथ यांनी पुरस्काराच्या जेमतेम सहा-सात वर्षे आधी कोरियन शिकायला सुरुवात केली होती. पुरस्काराची ५०,००० पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली गेली. नंतर कोरियन जाणकारांनी त्याच अनुवादातल्या चुकाही जाहीरपणे दाखवल्या. थेट भाषेतून काम करणाऱ्यांचीही अशी झाडाझडती होत असेल, तर इंग्रजीवरून केलेल्या अनुवादाची काय कथा! अनुवादिका उमा कुलकर्णी यांनी कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी वाचकांपर्यंत पोचवले ते थेट कन्नडमधून, हे तिने लक्षात घ्यावे.

पैशाबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु भीती तीच आहे. केवळ साहित्याच्या अनुवादावर मराठीत घर चालत नाही. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार ५०,००० रुपयांचा आहे, आणि तो दरवर्षी एका भाषेत एकालाच मिळतो. घर चालते ते भाषेवर. तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे बैठकीत दुभाषाचे काम करणारी, कागदपत्रांचा अनुवाद करणारी माणसे लागतात. त्याखेरीज अध्यापन आहे, उपशीर्षकांचे काम आहे. दिवसा यंत्रांच्या सुट्या भागांविषयी आणि रात्री कथेविषयी भाषांतर करण्याची तयारी तिला ठेवावी लागेल; ती नसेल तर हा मार्ग तिने धरू नये, हे मी तिलाही तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

मार्ग सांगायचा तर, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन भाषेची बी.ए. ऑनर्स आहे आणि प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतो. यंदाची परीक्षा होऊन गेली आहे. त्यामुळे या वर्षी जवळच्या महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घ्यावा आणि जोडीने किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे कोरियन वर्ग सुरू करावेत. ते ऑनलाइनही असतात. तत्पूर्वी वही तिच्या हाती द्यावी आणि ती आपण वाचल्याचे तिला सांगावे. प्रवेशअर्जाची चर्चा त्यानंतर.

आणि आपल्याला अट घालायचीच असेल, तर ही घालावी: वर्षभरात तिने टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी गाठावी आणि वहीतली तीच कथा मूळ हांगुल लिपीत शोधून, शब्दकोश घेऊन का होईना, वाचून काढावी. तेवढ्या काळात तिचा उत्साह कोरियन मालिकांपुरताच उरला, तर सीयूईटीचा अर्ज भरण्यापूर्वी मला पुन्हा लिहावे. मात्र त्या वेळी पत्र मुलीने लिहावे.