अपॉइंटमेंटला उत्तरं तिला देऊ द्या

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आहे. मुलगी सतरा वर्षांची. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाचा एक जन्मजात दोष. तान्ही असतानाच ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात जाईल. सध्या मंडळाच्या ढोल पथकात जायचा हट्ट धरून बसली आहे. "मी सरळ नाही म्हटलं. बरोबर केलं ना?"

‘नाही’ तुम्ही म्हणालात, डॉक्टर नव्हेत. "व्यायाम चालेल का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. ढोल किती किलोचा, कमरेला बांधून सलग किती वेळ वाजवायचा, मिरवणूक उन्हात असते का, हे सगळं सांगून विचारायला हवं. गरज वाटली तर ते ट्रेडमिलवर चाचणी घेतील. स्नोबोर्डिंगमध्ये ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळवणारा शॉन व्हाइट हाच दोष घेऊन जन्मला होता. म्हणून सगळ्यांनी बर्फात उड्या माराव्यात असं नाही, पण परस्पर नकारही देऊ नये.

आणि विचारायचं तिने. "दम लागतो का?" असं डॉक्टर तिला विचारतात आणि तिने तोंड उघडण्याआधी "नाही नाही, छान आहे" हे आपण सांगून मोकळ्या होतो. अठरा पूर्ण झाली की तिच्या परवानगीशिवाय तिथले डॉक्टर तुम्हाला तिचे रिपोर्ट दाखवणार नाहीत. तोवर आपलं ऑपरेशन कोणतं झालं, झडपेची अवस्था काय, हे तिला तोंडपाठ हवं. फॅलोच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाकडच्या झडपेतून रक्त मागे गळत राहणं नेहमीचं आहे. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आणि पुढे कधीतरी झडप बदलावी लागते. "मला काय झालंय?" म्हणत मुलं याच वयात तपासणी सोडतात. जन्मजात हृदयदोष असलेल्या मोठ्या माणसांसाठी वेगळे तज्ज्ञ असतात. कॉलेज ठरलं की होस्टेलच्या आधी ते शोधा. दात आणि टॅटू यांबद्दलही तिला विचारू द्या, जंतुसंसर्ग तिथून हृदयापर्यंत जाऊ शकतो.

आजी व्हिडिओ कॉलवर "बंद गळ्याचं घाल गं, उद्या लग्नाचं बघायचंय" म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. इथे मात्र तिला एकटीला लढायला लावू नका. सासूबाईंना तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी स्पष्ट सांगा, की छातीवरचा ऑपरेशनचा व्रण लपवायचा की नाही हे तिचं ती ठरवेल.

गर्भनिरोधक, पुढचं बाळंतपण हे विषयही डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलायचे असतात. तेवढा वेळ बाहेर बसा. गाडीत बसल्याबसल्या "काय म्हणाले?" म्हणून खोदू नका.