मामाचा शब्द आणि भाचीचा नकार

प्रश्न : आम्ही चिपळूणचे. मुलगी यंदा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, 64 टक्के मिळाले. माझा भाऊ लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला आहे, वीस वर्षं झाली. तो म्हणतो, ‘क्यूसी लॅबला (मालाची गुणवत्ता तपासतात ती) जागा निघतेय, साहेबांच्या कानावर घालतो, काम झालं समज.’ पण मुलगी ऐकत नाही. ‘मला वशिल्याचं तट्टू व्हायचं नाही’ म्हणते. चार महिने ऑनलाइन अर्ज भरतेय, एकाचंही उत्तर नाही. तिच्या वर्गातले तिघे ओळखीनेच लागले. यांच्या माहितीतले एक गृहस्थ सरकारी लॅबमध्ये आधी कंत्राटावर लावून पुढे कायम करून देतो म्हणतात, थोडा खर्च येईल. भाऊही आता रुसलाय. तिला तुम्हीच समजवा. – एक आई

उत्तर : ताई, लेकीला समजवायला सांगितलंत, पण पत्र दोनदा वाचल्यावर माझं मत असं झालंय की निम्मं समजवायचंय ते तुमच्या भावाला.

त्याआधी ते सरकारी लॅबवाले गृहस्थ. त्यांना आजच लांबून नमस्कार करा. ‘आधी कंत्राट, मग कायम’ हे आमिष फार जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एप्रिल 2006 मध्ये उमादेवी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की रीतसर निवड न होता मागच्या दाराने आलेल्या माणसाला, केवळ काही वर्षं काम केलं म्हणून, कायम होण्याचा हक्क मिळत नाही. आणि तो ‘थोडा खर्च’ म्हणजे लाच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नोकरी नाही लागली तर पैसे परत मागायलाही तोंड राहत नाही, यावर तर यांचा धंदा चालतो. एवढं पुरे.

आता मामा.

मार्गदर्शनाच्या कामाला लागण्याआधी मी बरीच वर्षं एका औषध कंपनीच्या कारखान्यात पर्सोनेलला होतो, आता ज्याला एचआर म्हणतात ते. भरतीच्या दिवसांत टेबलावर बायोडेट्यांचा गठ्ठा यायचा आणि त्यातल्या आठ-दहांना कोपऱ्यात टाचणीने एक व्हिजिटिंग कार्ड लावलेलं असायचं. कार्ड कधी नगरसेवकाचं, कधी सप्लायरचं, कधी आमच्याच एखाद्या डायरेक्टरचं. मागे पेनाने दोन शब्द : ‘आपला मुलगा’. सुरुवातीला मला त्या टाचणीचा भयंकर राग यायचा. पुढे कळलं की कार्डं दोन जातीची असतात. एक म्हणतं, ‘याला एकदा बोलवा, बघा, नाही पटला तर सोडा.’ दुसरं म्हणतं, ‘याला घ्या.’ पहिलं कार्ड आमचं काम सोपं करायचं. दुसरं आल्यावर आम्ही मुलाखत घ्यायचो खरी, पण ‘प्रवासात त्रास नाही ना झाला?’ यापुढे प्रश्न जायचा नाही.

अशाच दुसऱ्या जातीच्या कार्डावर एक मुलगा आमच्या क्यूसीला लागला. एका बड्या साहेबांचा भाचा. वाईट नव्हता, हुशारच होता. पण लॅबच्या इनचार्ज बाई, ज्या बाकीच्या पोरांना ब्युरेटचं रीडिंग डोळा समपातळीत न आणता घेतलं तरी सगळ्यांदेखत झापायच्या, त्या याच्या नोटबुकवर न बघता सही करायच्या. चुकला तर शेजारचा टायट्रेशन परत करून द्यायचा. साडेतीन वर्षं त्याला कुणी ओरडलंच नाही. मग साहेब निवृत्त झाले, वारं फिरलं, याने दुसरीकडे अर्ज केला. तिथल्या मुलाखतीत त्याला एवढंच विचारलं की कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक आम्लापासून एक लिटर 0.1 नॉर्मल द्रावण कसं करशील, किती मिली घेशील. पठ्ठ्याला सांगता येईना. साडेआठ मिलीच्या आसपास हो, पहिल्या महिन्यातल्या ट्रेनीला पाठ असतं! हे त्यानेच मला स्टेशनवर भेटला तेव्हा सांगितलं, हसत हसत, पण डोळे हसत नव्हते.

म्हणून तुमच्या लेकीचा हट्ट मला पोरकट वाटत नाही. तिला मिंधेपणाची भीती वाटते आणि ती रास्त आहे. फक्त तिने दोन्ही कार्डं एकाच गठ्ठ्यात टाकलीत.

तिला एक गोष्ट सांगा, तिला आवडेल. गिरण्यांच्या काळात मुंबईत आपला कोकणी माणूस नोकरीला लागायचा तो जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या शब्दावर. जॉबर गावचा, नात्याचा, जातीचा. तो बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) घ्यायचा, दस्तुरी म्हणजे आपलं कमिशन कापायचा आणि अडीनडीला उभाही राहायचा. तो आधार खरा होता, नाही कोण म्हणतं? पण कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांतल्या मुलामुलींचा अभ्यास करून 2006 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात इंग्रजीला भाव आला तेव्हा कष्टकरी जातींतले मुलगे बरेचसे मराठी माध्यमातच राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीने बापाच्या वळणाची नोकरी मिळेल ही खात्री होती. मुलींसाठी अशी शब्द टाकणारी माणसं नव्हती. त्या झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि नव्या संधींचा फायदा घेऊ लागल्या. (मी स्वतः मराठी माध्यमाचा, त्यामुळे यातून माध्यमाचा वाद काढू नका. मुद्दा ओळखीचा आहे.) ओळख माणसाला सांभाळते तशी आहे तिथेच बांधूनही ठेवते. मामा लोट्यात आहे म्हणून भाचीने लोट्यातच राहावं, हे ठरवण्याआधी तिला क्यूसी करायचंय की संशोधनाकडे जायचंय, हे कुणी विचारलंय का? पत्रात तरी दिसलं नाही.

भावाला मात्र दुखवू नका. वीस वर्षांची पत पणाला लावायला निघालाय तो. त्याला फक्त वाक्य बदलायला सांगा. ‘साहेब, भाचीला घ्या’ ऐवजी ‘साहेब, भाचीने अर्ज केलाय, बाकीच्यांबरोबर तिचीही लेखी-तोंडी होऊ द्या.’ तो प्रॉडक्शनला आणि ती क्यूसीला, याकडेही लक्ष द्या. प्रॉडक्शनने केलेली बॅच पास की फेल हे क्यूसी ठरवतं. मामाची बॅच आणि भाचीची सही असं एका कागदावर येऊ नये, हे कंपनीलाही हवं असतं. अनेक कंपन्यांच्या अर्जात ‘आमच्याकडे तुमचे कुणी नातेवाईक आहेत का’ असा रकाना असतो. तिथे खरं नाव, खरं नातं लिहायचं. लपवलं तर दोन वर्षांनीसुद्धा अंगाशी येतं. परीक्षा न घेताच ऑर्डर देऊ म्हणाले तर मात्र मी तुमच्या लेकीच्या बाजूने.

राहिले ते चार महिन्यांचे मुके अर्ज. पोर्टलवरून एका जागेला अर्जांचा ढीग येतो आणि वाचणारा एकच असतो. त्यातून मागे राहिली म्हणून ती कमी ठरत नाही. मोठ्या कंपन्या तर आपल्याच लोकांना सांगतात, चांगला माणूस सुचवा, तो टिकला तर बक्षीस देऊ. याला रेफरल म्हणतात. त्यात लपवाछपवी नसते, सुचवणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं आणि पुढची चाळणी सगळ्यांना तीच असते. निदान असायला हवी.

आणि अशी ओळख जवळचीच लागते असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहाव्या हिश्शाची त्या माणसाशी नेहमीची गाठभेट होती. बाकीच्यांना ती नोकरी कधीमधी, किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण साधं आहे. घरच्या माणसाला जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. तिच्या कॉलेजची दोन-तीन वर्षं पुढची मुलं महाड, तारापूर, वापीकडे पसरलेली असतील. त्यांना नोकरी मागायची नाही, माहिती मागायची. मेसेज असा :

‘दादा, मी आपल्या डिपार्टमेंटची यंदाची एम.एस्सी. एचपीएलसीवर प्रोजेक्ट केलाय. तुमच्या लॅबमध्ये फ्रेशरला मुलाखतीत काय विचारतात, हे समजून घ्यायला रविवारी दहा मिनिटं फोन केला तर चालेल?’

(एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत. प्रोजेक्ट कशावर केलाय ते पत्रात नाही, तिने खरं असेल ते लिहावं.) बायोडेटा पहिल्या मेसेजबरोबर पाठवायचा नाही. दहांपैकी सहा जण उत्तर देणार नाहीत, देऊ देत. जे फोन घेतील ते एचपीएलसीच्या आलेखात पीकला टेलिंग (शेपूट) का येतं, यंत्राचा कॉलम कधी बदलायचा, असलं बोलतील. बोलणं रंगलं की बायोडेटा तेच मागतील. तेव्हा जे होईल त्याला ती वशिला म्हणणार नाही, बघा.

वर्गातल्या त्या तिघांचा हिशेब सोडून द्या. ते कुठल्या कार्डावर लागले ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही.

गणपतीला भाऊ घरी येईलच. तेव्हा जेवणं झाल्यावर त्या दोघांना पडवीत बसू द्या आणि तुम्ही आत थांबा. तिने म्हणावं, ‘मामा, नोकरीचं नंतर बघू, तुमच्या क्यूसीत दिवसभर काय चालतं ते आधी सांगा.’