पाचवीसाठी सोनं गहाण टाकण्याआधी

दादा, नमस्कार.

तुमची मुलगी चौथीत आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाच इयत्ता मिळून २२ मुलं, शिक्षक दोन, त्यातले एक सर कायम कुठल्यातरी सरकारी कामावर. म्हणून पाचवीला तिला तालुक्याच्या खासगी इंग्रजी शाळेत घालायचं म्हणता. फी आणि व्हॅन धरून वर्षाला ४० हजार लागतील, त्यासाठी घरातलं सोनं गहाण टाकायची तयारी आहे. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत जागा मिळेल का, आणि नाही मिळाली तर कर्ज काढू का, असं तुम्ही विचारलंय.

आरटीईतून पाचवीला जागा मिळणार नाही. त्या कायद्याने राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गासाठी असतात. कोणी ‘करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

कर्जही काढू नका. तुम्ही पत्रात नवोदयचं नाव घेतलेलं नाही, पण आधी तेच बघायला हवं. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चाने होतं. परीक्षा पाचवीत, ती मराठीतून देता येते, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. मात्र त्या जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. तालुक्याची शाळा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर पाचवीला तिथे नाव घालताच मुलगी शहरी धरली जाईल. म्हणजे ४० हजार भरून तुम्ही तिचा हक्क घालवून बसाल.

नवोदयच्या जागा थोड्या असतात, नंबर लागेलच असं नाही. मग आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि ती उत्तीर्ण होऊन निवडली गेली, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत गेली की तोही मार्ग बंद.

आता त्या दोन शिक्षकांबद्दल. ते नियमात बसतं, आणि मला राग याचाच येतो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत. त्यातले एक सर बाहेर गेले, की पाचही इयत्ता एकाच माणसापुढे बसतात. लहान गावात शिक्षक पटावर नव्हे, इयत्तांवर मोजायला हवेत. शेतकऱ्याच्या घामातून महसूल गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलं होतं. आजही शेतकऱ्याला शाळेसाठी सोनं गहाण टाकावंसं वाटतं, यात तुमचा काही दोष नाही.

पण तुमच्या हातात काहीच नाही असं समजू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. सर कोणत्या तारखेला कशासाठी वर्गाबाहेर होते, हे दोन महिने लिहून ठेवा. समितीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सरांविरुद्ध तक्रार म्हणून नको, सरांना वर्गात ठेवण्यासाठी. तेही साथ देतील, वाटतं.

राहिलं इंग्रजी. त्याआधी एक करा. दुसरीच्या मराठी पुस्तकातला धडा तिला मोठ्याने वाचायला लावा, मग ७८४ भागिले ६ करायला द्या. उत्तर १३०, बाकी ४. पुष्कळ मुलं १३ लिहून थांबतात, शून्य सुटतं. तसं झालं तर स्थानिक किंमत कच्ची आहे. ती माध्यम बदलून पक्की होत नाही, उलट न कळणाऱ्या भाषेत आणखी झाकली जाते. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास पुस्तक मोठ्याने वाचून घ्या, गावात कॉलेजला जाणारी एखादी मुलगी असेल तर तिची मदत घ्या.

तिने मांडलेल्या भागाकाराचा फोटो पाठवा. चूक कुठल्या पायरीवर होते ते बघून नवोदयच्या गणिताची तयारी कुठून सुरू करायची, ते मी कळवतो. अर्ज पाचवीच्या सुरुवातीलाच भरायचा असतो, त्यामुळे जूनपासून मुख्याध्यापकांकडे विचारत राहा.