खो लवकर का द्यायचा?

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय मराठी. सातवीपासून खो-खो खेळते, विद्यापीठाच्या संघातही होते. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करायचं मनात आहे. पण तिथे पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचा पेपर असतो, आणि दहावीनंतर मी विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. एका ताईचं पुस्तक चाळलं आणि घाबरलेच. वडील म्हणतात, शिट्टी वाजवायला दोन वर्षं कशाला, सरळ बी.एड. कर. शिवाय हल्ली दुसऱ्या डावात मला लवकर दम लागतो, कधी चक्करही येते. मला हे जमेल का?

उत्तर : दम आणि चक्कर तू जाता जाता लिहिलंयस. मला पत्रातली तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे शेवटी येते.

आधी पुस्तकाची भीती. ते पुस्तक बहुतेक हाडांपासून सुरू झालं असणार. २०६ हाडं, सहाशेच्या वर स्नायू, सगळी नावं परकी. तिथून सुरुवात केली तर विज्ञान शाखेची मुलंसुद्धा आठ दिवसांत पुस्तक मिटतात. तू तुझ्या नाडीपासून सुरुवात कर.

सकाळी जाग आली की अंथरुणातच मनगटाची नाडी मोज, पूर्ण एक मिनिट. समजा ७२ आली. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. गुणाकार कर, मिनिटाला पाच लिटर झाले. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे तू अजून उठलीही नाहीस आणि सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून आलं! विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा त्याच्या हातात असाच एक गुणाकार होता. अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त बाहेर पडतं, तेवढं अंगात असूच शकत नाही, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आता तूच सांग, नियमित सराव असलेल्या खेळाडूची नाडी पन्नासच का भरते? विश्रांतीत पाच लिटर तर तिलाही लागतात. भागाकार केलास की उत्तर १०० मिलिलिटर येतं. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका भरलेला. यात तुला कुठे अडलं का? हे शरीरक्रियाशास्त्रच आहे.

दुसरा धडा मैदानावरचा. आक्रमणात आठ जणी बसलेल्या आणि एक पळतेय. प्रशिक्षक बाहेरून ओरडत असतात, ‘खो दे, खो दे!’ का ओरडतात? स्नायूला लागणारी ऊर्जा एटीपीच्या रूपात मिळते. हा शब्द तुला नवा नाही, दहावीच्या विज्ञानात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या धड्यात येऊन गेलाय. स्नायूत तयार एटीपी अगदी थोडा असतो. तो झटपट भरून काढणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठाही जीव तोडून पळलं तर दहाएक सेकंदच पुरतो. त्यापुढे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय मोडून काम भागवावं लागतं. ते मिनिट-दोन मिनिटं चालतं, पण पाय जड होतात. त्याहून लांबलं की मुख्य भार ऑक्सिजनवर चालणाऱ्या संथ व्यवस्थेवर पडतो. तिन्ही व्यवस्था एकाच वेळी चालू असतात, कुणाचा वाटा किती एवढंच बदलतं. मात्र तो पहिला साठा अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत जवळपास निम्मा भरून येतो. म्हणून चार-पाच सेकंद झेपावून खो देणारी आणि मग चौकात बसणारी मुलगी पुढच्या खोला पुन्हा ताजी असते. एकटीच दामटत राहिलेली मात्र सगळ्या साखळीची गती घालवते. संरक्षणाचं गणित वेगळं. तीन जणींच्या तुकडीतली जी दोन-अडीच मिनिटं टिकते, तिला हुलकावणीसाठी पहिला साठा लागतो आणि टिकण्यासाठी बाकीचे दोन्ही. आक्रमक आणि संरक्षक यांचा सराव सारखाच का नसावा, हे एवढ्यावरून तूच लिहू शकशील. परीक्षेतही असंच लिही, आपल्या खेळाचं उदाहरण देऊन.

नावांचं म्हणशील तर भाषेची विद्यार्थिनी म्हणून तू उलट पुढे आहेस. शब्दाची फोड करणं हा तुझाच विषय. बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा, क्वाड्रिसेप्स म्हणजे चार डोक्यांचा, मांडीच्या पुढचा. मायो म्हणजे स्नायू, ऑस्टिओ म्हणजे हाड, हायपर म्हणजे अति, हायपो म्हणजे कमी. अशी तीस-चाळीस रूपं वहीत उतरव, अर्धी नावं आपोआप उलगडतील. आकृत्या मात्र रोज काढाव्या लागतील, त्याला पळवाट नाही.

आता वडिलांच्या शिट्टीबद्दल. त्यांनी पाहिलेले पीटीचे शिक्षक तसे असतील, तर त्यांची चूक नाही. माझ्या शाळेत पळताना पाणी प्यायला बंदी होती, आणि उन्हात चक्कर आलेल्या मुलाला ‘नाटकी’ म्हणत. घाम सुकताना अंग थंड होतं आणि घामाला पाणी लागतं, एवढंही त्या शिक्षकांना कुणी शिकवलं नव्हतं. आजही मैदानावर ऐकू येतं की दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे. खरं तर ते तासाभरात बरंचसं निघून जातं. एक-दोन दिवसांनी होणारी ती दुखी स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांची असते. हे ज्याला माहीत आहे, तो मुलांना ‘अजून पळा, आम्ल निघून जाईल’ असं सांगत नाही. दोन वर्षं शिट्टी शिकायला जात नाहीत, ती कधी वाजवायची नाही हे कळायला जातात.

पण वडिलांची काळजी नोकरीची असेल तर ती रास्त आहे. शाळांमध्ये कायम जागा मोजक्याच निघतात, आणि उच्च प्राथमिक शाळांतली शारीरिक शिक्षणाची अंशकालीन पदं म्हणजे कायम नोकरी नव्हे. बी.एड.लाही गर्दी कमी नाही, तेव्हा केवळ ‘सुरक्षित’ म्हणून तिकडे जाऊ नकोस. बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी सीईटी आणि मैदानी चाचणी दोन्ही द्याव्या लागतात. पुढे एम.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम असे रस्ते आहेत. फिजिओथेरपीचं दार मात्र तुला बंद आहे, त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. हे आत्ताच कळलेलं बरं.

आता दम आणि चक्कर. सराव कमी पडला असेल, जेवण कमी पडत असेल, पण आधी हिमोग्लोबिन तपासून घे. लाल रक्तपेशी त्याच्याच जोरावर ऑक्सिजन वाहून नेतात. ते कमी असेल तर हृदयाने कितीही जोर लावला तरी स्नायूंपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. बाईच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमच्या खाली असलं की रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला, म्हणजे तुझ्या संघातही तू एकटी नसशील. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. मैदानी चाचणीची तयारी सुरू करण्याआधी जा, चक्करेबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि गोळ्या त्यांनी सांगितल्या तरच घे. जाताना आईलाही बरोबर ने, तिचंही रक्त तपासून होईल.